जुन्या विंडोजच्या सीडीतून हवी तेवढीच फाइल कशी काढावी

गोव्यात देवस्थानांची कार्यालये, छोटे छापखाने आणि नाट्यमंडळे यांच्याकडे विंडोज ९८ किंवा एक्सपीवर चालणारा एखादा संगणक अजून सापडतो. पावत्यांचा जुना हिशेब किंवा पॅरलल पोर्टातल्या (प्रिंटर जोडण्याच्या जुन्या खाचेत लावलेल्या) लॉकवर चालणारे मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर उतरत नाही, म्हणून तो जपावा लागतो. असा संगणक एखादी फाइल हरवल्यामुळे सुरू होईनासा झाला, की दुरुस्तीवाला बहुधा फॉरमॅट करण्याचा सल्ला देतो. फॉरमॅट केल्यावर विंडोज परत येते, पण ते सॉफ्टवेअर येईलच असे नाही. त्यामुळे आधी मूळ सीडीतून तेवढीच फाइल काढून पाहावी. फाइल काढण्यासाठी प्रॉडक्ट कीसुद्धा लागत नाही. खाली फाइलींची आणि कमांडची नावे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करावीत.

विंडोज ९८च्या सीडीवर विन९८ नावाचे फोल्डर असते आणि जवळजवळ सगळी प्रणाली त्यातील कॅब फाइलींत, म्हणजे अनेक फाइलींच्या गाठोड्यांत, दाबून भरलेली असते. या कॅब एका साखळीतल्या असल्यामुळे हवी असलेली फाइल नेमकी कोणत्या कॅबमध्ये आहे, हे ठाऊक नसले तरी चालते. विंडोज सुरू होत असेल, तर स्टार्ट मेनूतील रनमध्ये एसएफसी टाइप करावे. उघडणाऱ्या सिस्टीम फाइल चेकरमध्ये इन्स्टॉलेशन डिस्कवरून एकच फाइल काढण्याचा पर्याय आहे. विंडोज सुरूच होत नसेल, तर स्टार्टअप फ्लॉपीने संगणक चालू करून एक्स्ट्रॅक्ट ही कमांड वापरावी. तिला स्लॅश ए जोडले, की ती दिलेल्या कॅबपासून पुढची सगळी साखळी शोधते, आणि स्लॅश एल पुढे लिहिलेल्या फोल्डरात फाइल ठेवते.

येथे पुष्कळजण अडतात ते ड्राइव्हच्या अक्षरापाशी. स्टार्टअप फ्लॉपी आपली साधने ठेवण्यासाठी मेमरीत एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करते आणि पुढचे मोकळे अक्षर घेते. त्यामुळे एरवी डी असलेली सीडी आता ई होते, आणि डीवर विन९८ फोल्डर दिसत नाही म्हणून चांगली सीडी खराब समजून टाकून दिली जाते. फ्लॉपी सुरू होताना सीडीला मिळालेले अक्षर पडद्यावर येते, ते वाचावे.

विंडोज ९५चा फ्लॉपी संच कोणाकडे असेल, तर पहिली सोडून बाकीच्या फ्लॉपींवर १.४४ ऐवजी १.६८ एमबी बसवलेले आहे, हे लक्षात ठेवावे. त्यांतील कॅब साध्या फ्लॉपीवर मावत नाहीत; त्या हार्ड डिस्कवरच उतरवाव्यात.

एक्सपीच्या सीडीवर हे कोठार आय३८६ या फोल्डरात असते. बहुतेक फाइली एकेकट्या दाबलेल्या असून त्यांच्या नावाचे शेवटचे अक्षर काढून तेथे अंडरस्कोर घातलेला असतो. त्या नुसत्या कॉपी करून नाव बदलले तर उपयोग होत नाही. एक्स्पांड या कमांडने उलगडाव्या लागतात. हार्डवेअरचे ड्रायव्हर मात्र ड्रायव्हर.कॅब या एकाच मोठ्या फाइलीत आहेत. संगणक सुरू होत नसेल तर सीडीवरून बूट करून पहिल्या पडद्यावर आर दाबावे, म्हणजे रिकव्हरी कन्सोल हा दुरुस्तीच्या कमांड टाइप करण्याचा पडदा उघडतो. तेथे मॅप टाइप केल्यास ड्राइव्हची अक्षरे दिसतात. एनटीएलडीआर (विंडोज सुरू करून देणारी फाइल) सापडत नाही असा संदेश येत असेल, तर ती फाइल आणि एनटीडिटेक्ट या दोन्ही आय३८६मधून सी ड्राइव्हच्या मुळाशी कॉपी कराव्यात. या दोन दाबलेल्या नसतात. त्याआधी यूएसबीला एखादा पेन ड्राइव्ह किंवा खणात विसरलेली फ्लॉपी तर नाही ना, हे पाहावे, कारण तोच संदेश त्यामुळेही येतो.

हॅल.डीएलएल (विंडोज आणि हार्डवेअर यांना जोडणारी फाइल) हरवल्याचा संदेश जास्त फसवा आहे. पुष्कळदा ती फाइल जागेवरच असते आणि बिघाड बूट.आयएनआयमध्ये (विंडोज कोठून सुरू करायची हे सांगणाऱ्या फाइलीत) असतो, म्हणून आधी कन्सोलमध्ये बूटसीएफजी ही कमांड स्लॅश रीबिल्ड जोडून चालवावी. शिवाय सीडीवर हॅलचे अनेक प्रकार असतात आणि सेटअप त्यांतला त्या यंत्राला जुळणारा निवडून हॅल.डीएलएल या नावाने ठेवतो. सीडीवरची त्याच नावाची फाइल डोळे मिटून उलगडली, तर सुरू होणारा संगणकही बंद पडू शकतो.

फाइलीची आवृत्तीही पाहावी लागते. संगणकावर सर्व्हिस पॅक ३ (विंडोजच्या सुधारणांचा संच) चढवलेला असेल आणि सीडी पहिल्या काळची असेल, तर सीडीतली फाइल जुनी ठरते. अशा वेळी आधी विंडोज फोल्डरातील सर्व्हिसपॅकफाइल्स आणि त्यातील आय३८६ शोधावे. नवी प्रत बहुधा तेथेच असते. बदलण्यापूर्वी जुनी फाइल पुसू नये, तिचे नाव बदलून ठेवावी.

यंत्र ठीक चालू असतानाच विन९८ किंवा आय३८६ हे संपूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावे. प्रिंटर बदलताना विंडोजने सीडी मागितली, तर त्या फोल्डराचा मार्ग दाखवता येतो. आपल्याकडच्या दमट हवेत फ्लॉपीच्या तबकडीवर बुरशी धरते, आणि ती तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचे हेडही खराब होते. म्हणून मृग लागण्यापूर्वी, हवा कोरडी असताना, सीडी-फ्लॉपींच्या आयएसओ किंवा इमेज प्रती (संपूर्ण डिस्कची एका फाइलीतली नक्कल) काढून त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात. मूळ सीडी भिंतीला टेकलेल्या कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. एक्सपीच्या कॅबिनेटवर चिकटवलेल्या स्टिकरवरील २५ अक्षरांची की पुसट होत जाते, तीही उतरवून घ्यावी. मायक्रोसॉफ्टने ९८चा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे) ११ जुलै २००६ रोजी आणि एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला असल्याने दुरुस्त झालेला असा संगणक इंटरनेटला जोडू नये. हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हने न्याव्यात आणि नव्या यंत्रावर उघडण्यापूर्वी तो तपासावा.