बार्बारेस्कोच्या सहकारी संस्थेची वाईन कशी निवडावी

इटलीच्या पिएमोन्ते प्रदेशातील बार्बारेस्को गावची ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही संस्था १९५८ साली तिथले धर्मगुरू फिओरीनो मारेंगो यांनी १९ द्राक्ष बागाईतदारांना एकत्र आणून उभी केली; पहिल्या तीन हंगामांची वाईन तर चर्चच्या तळघरातच तयार झाली. सभासदाने आपली सगळी नेब्बिओलो जातीची द्राक्षे संस्थेलाच घालायची, हा येथला मूळ नियम आहे. त्यामुळे उत्तम घड स्वतःकडे ठेवून उरलेला माल संस्थेच्या गळ्यात मारण्याची सोय राहत नाही. शिवाय मोबदला नुसत्या वजनावर नव्हे, तर ज्याच्या त्याच्या द्राक्षांच्या दर्जावर ठरतो. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावरून ठरताना पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातला फरक सांगावा लागणार नाही.

बाटली घेताना प्रथम लेबल वाचावे. ‘लांगे नेब्बिओलो’ ही हलकी असून लवकर पिण्याजोगी असते. नुसते ‘बार्बारेस्को’ लिहिलेली वाईन केवळ नेब्बिओलोची असते आणि कायद्यानुसार किमान २६ महिने, त्यांपैकी ९ महिने लाकडी पिंपात, मुरलेली असते. ‘रिझेर्वा’ या अधिक मुरवलेल्या बार्बारेस्कोसाठी ही मुदत ५० महिन्यांची असून तिच्या लेबलावर आझिली, राबाया, पोरा, ओव्हेल्लो, मोंतेस्तेफानो अशा नऊ बागांपैकी एकीचे नाव असते. पोराची वाईन तुलनेने मऊ, आझिलीची नाजूक सुगंधाची, तर मोंतेस्तेफानोची कणखर असते आणि ती बरीच वर्षे ठेवावी लागते.

तरीही माझ्या मते सुरुवात साध्या बार्बारेस्कोपासूनच करावी, कारण अनेक बागांचा मेळ घालण्यातच संस्थेचे खरे कसब दिसते. ज्या हंगामात रिझेर्वा काढली जात नाही, त्या वर्षी या नामांकित बागांची द्राक्षेही साध्या बार्बारेस्कोतच जातात. अशा वर्षाची साधी बाटली अवश्य घ्यावी.

नेब्बिओलोचा रंग फिकट असतो, त्यावरून वाईन पातळ आहे असे समजू नये. तिचा तुरटपणा चांगलाच जाणवतो. वाढण्याचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावी आणि तरुण वाईन तासभर आधी उघडावी. सोबत भाजलेले मटण किंवा मुरलेले चीज चालते. तिखट रस्सा मात्र टाळावा, कारण या तुरटपणामुळे मिरचीची आग अधिकच भडकते.