आधी दोनच कण घ्या

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला : अवकाशातले धुळीचे पुंजके आपटले की चिकटतात की फुटतात? आई म्हणाली, "कॉटखाली वाकून बघ, फुकटात होईल." तिचं फार चुकलं नव्हतं. फक्त इथे केस-धागे नसतात. मायक्रॉनभर आकाराचे कण आणि त्यांना धरून ठेवणारं व्हॅन डर वाल्स आकर्षण (रेणूंमधली क्षीण ओढ), बस्स.

विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या चंद्रशेखर सभागृहात व्याख्यानं ऐकून या विषयाकडे वळणारे पुण्यात बरेच असतील. मीही त्यातलीच. व्याख्यानात सगळं सोपं वाटतं. नव्या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत कण अगदी हळू भेटतात, जिथे लागतील तिथे चिकटतात आणि पिंजलेल्या कापसासारखा पोकळ पुंजका होतो. पुढे वेग वाढला की कण एकमेकांवर लोळतात, त्यात ऊर्जा जिरते आणि पुंजका दबतो. सेकंदाला मीटरभर वेगाच्या आसपास सिलिकेटचे (खडकातल्या खनिजांचे) पुंजके फुटायला लागतात. खरी गंमत त्याच्या अलीकडे आहे : दबून घट्ट झालेले मिलिमीटरभराचे पुंजके चिकटत नाहीत, फुटतही नाहीत, नुसते टुणकन उडतात. वाढ तिथेच अडते.

मी उत्साहात पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर पाचशे कणांचा पुंजका बांधला आणि आपटला. सेकंदाला 10 सेंटीमीटर वेगालाच त्याचा भुगा! मला वाटलं, शोध लागला. आठवडाभर आलेख रंगवत बसले. गाईडनी एकच विचारलं, "दोन कण घेऊन पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. पाहिलं तेव्हा घोळ कळला. आम्ही वापरत होतो तो जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्स यांचा चिकटणाऱ्या कणांबद्दलचा 1971 चा सिद्धांत. त्यात चिकटलेले कण ओढले तर लगेच सुटत नाहीत. मधली जागा बारीक मानेसारखी ताणली जाते आणि मग तुटते. माझा प्रोग्रॅम मात्र दोन केंद्रांतलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा जास्त झालं की ती जोडी यादीतूनच काढून टाकत होता. म्हणजे मान ताणायच्या आतच कापली जायची. बल आणि अंतराचा आलेख काढला तर शून्याशी रेघ सरळ खाली पडलेली. भुगा धुळीचा नव्हताच, माझ्या कोडचा होता.

कणांच्या हालचाली मोजणारं लॅम्प्ससारखं (LAMMPS) मोफत सॉफ्टवेअर वापरलंत तरी ही दोन कणांची चाचणी चुकवू नका. टाइमस्टेप, म्हणजे गणिताची एकेक पायरी पुढे टाकते तो वेळ, नॅनोसेकंदाहूनही लहान लागते. एकाच टकरीवरून निष्कर्ष काढू नका : पुंजके वेगवेगळे फिरवून, मधोमध आणि काठाला घासून, निदान दहादा आपटा. मग सगळ्यात मोठ्या तुकड्यात एकूण वस्तुमानाचा किती हिस्सा उरला ते पाहा. दोन्ही पुंजके सारखेच घ्यायची सवयही सोडा. लहान ढेकूळ मोठ्यावर जोरात आदळलं तर स्वतः फुटतं, पण थोडा माल मोठ्यावर चिकटवून जातं.

मीटरभर आकाराचं कोडं पहिल्या प्रोजेक्टला घेऊ नका. पृथ्वीइतक्या अंतरावर असा दगड वायूच्या विरोधामुळे शंभरेक वर्षांत ताऱ्याकडे ओढला जातो. त्यावर उत्तर म्हणून 2005 पासून खड्यांचे दाट थवे आपल्याच गुरुत्वाने कोसळण्याची कल्पना चर्चेत आहे. ती वाचा, पण नंतर.

आणि रीस्टार्ट फाइल, म्हणजे रन थांबला तर तिथूनच पुढे चालू करता येईल अशी नोंद, दर तासाला लिहा. घरच्या कॉम्प्युटरवर रन लावणार असाल तर बुधवारी रात्री नकोच. गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि माझे अकरा तास गेले.