गॅसवरची वीज 'नवीकरणीय' दाखवताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याकडे परदेशी खरेदीदाराचा ऊर्जेचा फॉर्म आला, की एक रकाना नीट वाचा: 'एकूण विजेपैकी नवीकरणीय किती?' गॅस जनरेटरची युनिटं तिथे घालू नका. नैसर्गिक वायू हे जीवाश्म इंधन आहे. आपल्या २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन अ‍ॅक्सेस नियमांत तो बसत नाही, युरोपच्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशातही नाही.

समजा महिन्याला ४०,००० युनिटं लागतात: महावितरणची २४,०००, गॅस जनरेटरची १०,००० आणि छतावरच्या सौर पॅनेलची ६,०००. नवीकरणीय वाटा १५ टक्के. गॅस मिसळला की तोच ४० टक्के दिसतो आणि बिलांशी ताळा घालताना लगेच पकडला जातो. सौर युनिटांची आरईसी (नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रं) विकली असतील, तर ती युनिटंही पुन्हा मोजता येत नाहीत.

गोंधळ शब्दांमुळे होतो. अमेरिकेतल्या ओहायोने २०२३ मध्ये गॅसला कायद्यात 'हरित ऊर्जा' म्हटलं. ती व्याख्या तुमच्या फॉर्मला लागू नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२३ पासून काही गॅस प्रकल्पांना 'संक्रमणकालीन' मानलं, तेही गुंतवणुकीच्या वर्गीकरणापुरतं. त्यातली एक मर्यादा युनिटमागे २७० ग्रॅम थेट उत्सर्जनाची आहे. जनरेटरमध्ये एक घनमीटर गॅसपासून साधारण ३.५ ते ४ युनिटं मिळतात आणि जवळपास २ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे युनिटमागे ५०० ग्रॅमच्या आसपास. त्या मर्यादेच्या हा आकडा जवळही जात नाही.

सहवीजनिर्मितीत, म्हणजे एकाच इंधनापासून वीज आणि वापरायची उष्णता दोन्ही काढण्यात, तर जाणकारही फसतात. वीज कायदा २००३ च्या कलम ८६(१)(ई) मध्ये सहवीजनिर्मिती आणि नवीकरणीय स्रोत शेजारीशेजारी आहेत. सेंच्युरी रेयॉन प्रकरणात २०१० मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्याला नवीकरणीय वीज खरेदीच्या सक्तीतून मोकळं केलं, मग इंधन कोणतंही असो. ही फक्त सूट आहे. त्याने गॅस नवीकरणीय ठरत नाही. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची वीज नवीकरणीय ठरते ती बगॅसमुळे, म्हणजे उसाच्या चिपाडामुळे. तिथून वीज घेत असाल तर इंधनाचा दाखला मागा.

प्रेसमडपासूनचा (साखर कारखान्यात रस गाळून उरलेल्या मळीसारख्या गाळापासूनचा) बायोगॅस वापरत असाल, तर त्याला वेगळा मीटर लावा आणि पुरवठादाराची बिलं, प्रमाणपत्र जपून ठेवा. पाइपलाइनच्या गॅसमध्ये थोडा बायोगॅस मिसळलेला असतो म्हणून सगळा गॅस हिरवा दाखवू नका.

चुकीचा फॉर्म आधीच गेला असेल, तर पडताळणीची वाट पाहू नका. बारा महिन्यांची बिलं आणि जनरेटरची नोंदवही काढा, टक्केवारी नव्याने मांडा आणि सुधारित तक्ता खरेदीदाराला लेखी पाठवा.