क्यूसीत नवीन लागलात? आधी एसीएन समजून घ्या

एमएस्सीत नायट्राइल (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंधाचं संयुग) म्हणजे हायड्रॉलिसिस केलं की आम्ल, रिडक्शन केलं की अमाइन, एवढ्यावर भागतं. औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) बसलात की तेच नायट्राइल अडीच लिटरच्या बाटलीतून रोज समोर येतं. एसीटोनायट्राइल, लॅबच्या भाषेत एसीएन. मुलाखतीत हमखास विचारतात: मिथेनॉल स्वस्त असताना हे महागडं सॉल्व्हंट कशाला?

उत्तर दोन गोष्टींत आहे. एसीएन साधारण 190 नॅनोमीटरपर्यंत यूव्ही प्रकाश शोषत नाही, मिथेनॉल 205 च्या आसपासच आडवं येतं. म्हणजे 210 ला डिटेक्शन असेल तर मिथेनॉलवर बेसलाइन (आलेखातली सपाट मूळ रेघ) नीट मिळणं कठीण. दुसरं, एसीएन पातळ आहे. मिथेनॉल-पाणी निम्मं निम्मं केलं की मिश्रण चांगलंच दाट होतं आणि कॉलमवरचा, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीवरचा, दाब चढतो. एसीएनमध्ये हा त्रास कमी.

मोबाइल फेज (कॉलममधून फिरवायचं द्रव मिश्रण) करताना मात्र सावकाश. मिथेनॉल पाण्यात घातलं की बाटली कोमट होते, एसीएन घातलं की गार पडते, बाहेरून दव धरण्याइतकी. ती तशीच पंपाला लावू नका. गार मिश्रणात विरघळलेली हवा पुढे गरम होताना बुडबुडे होऊन सुटते आणि बेसलाइन नाचायला लागते. दोन्ही वेगवेगळं मोजून मिसळा, सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हवा काढा), खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रन संपल्यावर फॉस्फेट बफरवर थेट शंभर टक्के एसीएन सोडू नका, क्षार पंपात आणि कॉलमात साका धरतो. आधी पाणी जास्त असलेलं मिश्रण फिरवायचं, मगच एसीएन वाढवायचं. नवीन माणसाकडून कॉलम चोक होतो तो बहुतेक वेळा इथेच.

खर्चाचंही भान ठेवा. एसीएन बहुतांशी ॲक्रिलोनायट्राइल बनवताना जोडउत्पादन म्हणून निघतं. ॲक्रिलिक धागा आणि एबीएस प्लास्टिकची मागणी 2008 च्या मंदीत घसरली, तसं जगभर एसीएन मिळेनासं झालं आणि भाव कुठल्या कुठे गेले. धागा खपला नाही म्हणून लॅब अडल्या! तयार औषधात ते उरलं तर आयसीएचची (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेची) मर्यादा 410 पीपीएम (दहा लाख भागांत 410), हा आकडा पाठच असू द्या.

सुरक्षेचं एकच सांगतो, कारण बाकी एसओपीत (कामाच्या लेखी कार्यपद्धतीत) असतं. एसीएनचं शरीरात हळूहळू सायनाइड होतं, त्यामुळे लक्षणं काही तासांनी दिसू शकतात. वास ओढला गेला आणि लगेच काही झालं नाही म्हणून घरी निघून जाऊ नका, सुपरवायझरला सांगा. आणि आपले निळे नायट्राइल हातमोजे ॲक्रिलोनायट्राइलच्याच रबराचे, पण एसीएन त्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. सांडलं की लगेच बदला, मोठी बाटली ओतताना ब्यूटाइल रबराचे मागून घ्या.