'विंडलस' या शब्दाचे मूळ कसे शोधावे

परक्या भाषेतील एखाद्या यंत्राच्या नावाचे मूळ शोधायचे असेल, तर कोश उघडण्यापूर्वी ती वस्तू डोळ्यांसमोर आणावी. विंडलस म्हणजे दोन आधारांवर आडवा बसवलेला रूळ. त्याचा दांडा फिरवला, की दोर रुळावर गुंडाळला जातो आणि दोराच्या टोकाचे ओझे वर येते. विहिरीवर ते पोहरा उचलते, जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नांगर. रुळाची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि आसापासून मुठीचे अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर घर्षण सोडल्यास ४० किलोच्या ओझ्याला १० किलोइतका जोर पुरतो. मात्र एका फेऱ्यात दोर जेमतेम ६३ सेंटिमीटर वर येतो. असाच रूळ उभा बसवला, तर इंग्रजीत त्याला कॅपस्टन म्हणतात.

यानंतर शब्दाचे सापडेल तितके जुने रूप पाहावे, कारण आजचे रूप बहुधा चकवते. विंडलस हे रूप इ.स. १४००च्या सुमारास इंग्रजीत दिसू लागते, पण त्याआधीचे रूप 'विंडास' असे आहे, म्हणजे मधला 'ल' मागाहून शिरलेला आहे. 'गुंडाळणे' या अर्थाच्या 'विंडल' या जुन्या क्रियापदाच्या प्रभावाने तो आला असावा. 'विंडास' इंग्लंडमधील नॉर्मन फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातील भाषेतल्या 'विंदाउस' या शब्दात आहे: 'विंदा' म्हणजे गुंडाळणे, 'आउस' म्हणजे वासा किंवा छपराचे आढे. गुंडाळणारा वासा! वस्तू आधी पाहिली असल्यामुळे ही फोड लगेच पटते. उत्तरेकडील दर्यावर्दी फ्रान्सच्या किनाऱ्यावर वसले, तेव्हा जहाजावरचे शब्दही त्यांच्याबरोबर आले. आजच्या फ्रेंचमधील 'गँदो' हे याच यंत्राचे नाव त्याच घराण्यातले आहे, कारण तेथे आरंभीच्या 'व'चा 'ग' झाला.

तिसरे काम सोंगे ओळखण्याचे. उच्चार 'विंड' असल्यामुळे वाऱ्याशी नाते जोडण्याचा मोह होतो, पण वाऱ्याचा 'विंड' हा आपल्या 'वात' या शब्दाचा दूरचा भाऊबंद असून गुंडाळण्याशी त्याचा संबंध नाही. शिकारीत सावजाला वळसा घालून गाठण्यालाही जुन्या इंग्रजीत विंडलस म्हणत. तो वेगळ्याच फ्रेंच शब्दापासून आलेला आहे, म्हणून जुने साहित्य वाचताना संदर्भ तपासल्याशिवाय तेथे यंत्र कल्पू नये.

शेवटी मराठी प्रतिशब्द निवडताना हीच कसोटी लावावी. 'रहाट' हा शब्द चटकन सुचतो आणि तो संस्कृत 'अरघट्ट' या पाणी उपसणाऱ्या चाकाच्या नावावरून आलेला आहे. म्हणजे इंग्रजी नाव वाशावरून पडले, आपले चाकावरून. विहिरीच्या वर्णनात 'रहाट' निःशंक वापरावा, पण रहाटगाडग्यात गाडग्यांची माळ फिरत असते, दोर रुळावर साठत नाही, हे विसरू नये. जहाजावरील यंत्रासाठी मात्र 'विंडलस' हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात 'नांगर ओढण्याचा आडवा रूळ' असा खुलासा करणे मला अधिक प्रामाणिक वाटते.