ब्रिटिश पंतप्रधान पाठ करताय? या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या वह्या तपासता तपासता माझे केस पिकले. वह्या बदलतात, चुका त्याच.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे दोन वेलस्लींचा एक करणं. यात मीही तोंडघशी पडलोय. क्लासच्या भिंतीसाठी हौसेनं रंगीत तक्ता केला होता. त्यात लिहिलं, 'वेलस्ली : तैनाती फौज, असईची लढाई, पुढे पंतप्रधान'. मागच्या बाकावरचा जालन्याकडचा एक मुलगा उठला. "सर, असई आमच्या जिल्ह्यात आहे. तिथं लढला तो धाकटा भाऊ." वर्गात खसखस पिकली, तक्ता त्याच दिवशी उतरवला.

थोरला रिचर्ड. १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल, दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह झाला तो याच्याच काळात. धाकटा आर्थर. २३ सप्टेंबर १८०३ला असईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, १८१४ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८२८ साली पंतप्रधान. नाव बदललं की पोरांना वाटतं, हा कुणी तिसराच! तेव्हापासून मी प्रत्येक नावाशेजारी पेन्सिलीनं पद आणि साल लिहितो. वेळ जातो, जाऊ दे. एका रात्रीत 'वन-लायनर' घोकणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

दुसरी चूक : '१७२१ साली पंतप्रधानपद निर्माण झालं.' असं काही झालं नाही. पहिला पंतप्रधान म्हणून आपण घोकतो त्या वॉलपोलला त्या साली मिळालं ते खजिन्याचं पद, फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी. 'प्राइम मिनिस्टर' हा तेव्हा विरोधकांचा टोमणा होता. दहा नंबर डाउनिंग स्ट्रीटच्या दारावर पत्रं टाकायची पितळी फट आहे, तिच्यावर आजही खजिन्याचंच पद कोरलेलं आहे. म्हणून 'फर्स्ट लॉर्ड म्हणजेच पंतप्रधान' असं सूत्र कराल तर सॉल्सबरीपाशी अडकाल. १८९५च्या सरकारात पंतप्रधान तो, पण फर्स्ट लॉर्ड त्याचा भाचा बाल्फोर, आणि दहा नंबरात राहायलाही भाचाच.

'मोर्ले-मिंटो सुधारणा' (१९०९चा कायदा) वाचून दोघांनाही व्हाइसरॉय करू नका. मोर्ले लंडनला भारतमंत्री, म्हणजे भारताचा कारभार बघणारा ब्रिटिश मंत्री; मिंटो इकडे व्हाइसरॉय.

नावामागे 'लॉर्ड' आहे म्हणून माणूस लॉर्ड्‌समध्येच, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातच बसतो असं नाही. लॉर्ड नॉर्थ पंतप्रधान असताना कॉमन्समध्ये, खालच्या सभागृहात होता.

चर्चिल १९४० साली पंतप्रधान झाला, पण निवडणूक जिंकून नाही.

आणि नुसत्या सालावर विसंबू नका. भारताचा कारभार कंपनीकडून राणीकडे नेणारा १८५८चा कायदा पंतप्रधान पामर्स्टनच्या नावावर खपवणारे दर बॅचला भेटतात. विधेयक त्यानं फेब्रुवारीत आणलं खरं, पण त्याच महिन्यात दुसऱ्याच एका विधेयकावर त्याचं सरकार पडलं. ऑगस्टमध्ये कायदा झाला तेव्हा पंतप्रधान डर्बी होता आणि पहिला भारतमंत्री झाला त्याचाच मुलगा, स्टॅनली. माझ्या पेन्सिलीत आता महिनाही असतो.