गरोदरपणात जेवणाच्या वेळा कशा लावाव्यात

गरोदर बाईने काय खावं हे कोकणातल्या घरोघरी सगळेच सांगतात, पण ती किती वाजता जेवते याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोनला भरपूर भात आणि सगळ्यांचं आटपल्यावर रात्री साडेदहाला पुन्हा भात, असा क्रम पडला की चांगलं अन्नही बाधतं.

दिवस भरत जातात तशी वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. मग एका वेळी ढीगभर भात खाल्ला की साखर चढते आणि लवकर उतरत नाही. उलट पोट फार वेळ रिकामं राहिलं तर बाळ साखर ओढतच असतं, त्यामुळे शरीर चरबी जाळून कीटोन नावाची आम्लं तयार करू लागतं. गरोदरपणी हे एरवीपेक्षा लवकर होतं. म्हणून तीन मध्यम जेवणं घ्यावीत, मधे दोन-तीनदा थोडं खावं आणि दोन खाण्यांत अडीच-तीन तास ठेवावेत.

खरी काळजी न्याहारीची घ्यावी लागते. पहाटेच्या संप्रेरकांमुळे सकाळी इन्सुलिन कमी चालतं, त्यामुळे दुपारी चालणारा तेवढाच भात सकाळी साखर जास्त चढवतो. उठल्यावर तासाभरात खावं. पेज सोडायची गरज नाही, पण ती एकच वाटी, दाट, शितांसकट घ्यावी आणि सोबत एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मुगाची उसळ असावी. घावणे असतील तर दोन, आणि सोबत चहाऐवजी उसळ. नुसती पेज आणि लोणचं खाल्लं तर दहा वाजता हात थरथरतात, भूक खवळते. मळमळत असेल तर अंथरुणातच मूठभर कुरमुरे खावेत आणि न्याहारी अर्ध्या तासाने करावी.

साडेदहाला पेरू किंवा ताक. जेवण एकच्या आत: एक वाटी भात, एक नाचणीची भाकरी, भाजी, आणि बांगडा किंवा कुळथाची पिठी. मोरी (शार्क मासा) मात्र टाळावी, तिच्यात पारा जास्त असतो. आंब्याच्या दिवसांत हापूस जेवणावर नको. साखर ताब्यात असेल तर अर्धा आंबा चारच्या खाण्याला, मूठभर शेंगदाण्यांसोबत. जेवल्यावर खळ्यात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या माराव्यात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर नाही.

रात्रीचं जेवण साडेसात-आठला. घरातली माणसं बंदरावरून उशिरा येत असतील तर तिचं ताट आधी वाढावं, तिला शेवटी बसवू नये. झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध घेतलं की रात्रीचा उपास नऊ-दहा तासांवर राहतो. जेवून लगेच आडवं झाल्यास जळजळ होते, दोन तास जाऊ द्यावेत.

गोळ्यांचंही वेळापत्रक याच्याशी जुळवावं. कॅल्शियम जेवणासोबत, लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको.

पहिल्याच तपासणीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात. ती 140 किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पुढे घरी मोजताना उपाशीपोटी 95 च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या खाली हे लक्ष्य असतं. सकाळची साखर वाढलेली दिसली म्हणून रात्रीचं जेवण सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

संकष्टीला चंद्रोदय बऱ्याचदा नऊच्या पुढे जातो. दिवसभर उपास आणि मग एकदम मोदक-भात, यात वर सांगितलेले दोन्ही तोटे एकत्र येतात, आणि साबुदाणा-वरी खाल्ली तरी साखर चढतेच. हरतालिकेचा निर्जळी उपास तर नकोच. इन्सुलिन चालू असेल तर उपास धोक्याचा. अशा वेळी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा द्यावी आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट 108 ला फोन करावा.